'द इंटेस्टेट' म्हणजे आमचे बाबा : बोरा बाजारातल्या एका भाषांतरकाराविषयी

बाबा गेल्या ऑगस्टमध्ये गेले. मुलुंड पूर्वेचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर. सोसायटीने सांगितलं, फ्लॅट आईच्या नावावर करायचा तर बाकीच्या वारसांनी हक्कसोडपत्र नोंदवून द्यावं. बाकीचे वारस म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ आणि आजी, म्हणजे बाबांची आई. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पत्नी, मुलगा, मुलगी यांच्या बरोबरीने आईही पहिल्या वर्गातली वारस आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. फ्लॅटचे चार सारखे हिस्से झाले आणि त्यातला एक सत्त्याऐंशी वर्षांच्या आजीचा.

वकिलांनी सात पानांचा मसुदा इंग्रजीत दिला. आजी सातारा जिल्ह्यातल्या, पाटण तालुक्यातल्या आमच्या गावात चौथीपर्यंत शिकली. रोज सकाळी पेपर वाचते, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, पण शेवटच्या पानापर्यंत. मसुद्याचा गठ्ठा हातात घेऊन तिने उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "मला वाचता येईल असा आण. मग सही." वकील म्हणाले, तोंडी समजावून सांगा, बहुतेक जण तेच करतात. आजी नाही म्हणाली. मला तिचं पटलं. आपल्या मुलाच्या घरातला हिस्सा सोडायचा तर तो कोणत्या शब्दांत सोडतोय हे तिला कळायलाच हवं होतं.

हा अनुभव सविस्तर लिहितेय, कारण असे कागद आज अनेक घरांत येतात आणि भाषांतर कुठे करून घ्यावं हे कुणी धड सांगत नाही.

आधी मी एका ऑनलाइन सेवेकडे काम दिलं. १,८०० रुपये भरले, दुसऱ्या दिवशी फाईल आली. दिसायला सुबक. तिसऱ्या पानावर वाक्य होतं, 'आंतरराज्याच्या विधवेस एक हिस्सा मिळेल.' मी ते तीनदा वाचलं. मग मूळ इंग्रजी काढून शेजारी ठेवलं. तिथे शब्द होता 'इंटेस्टेट', म्हणजे मृत्युपत्र न करता वारलेली व्यक्ती. भाषांतर झालं होतं 'इंटरस्टेट'चं, दोन राज्यांमधल्या रस्त्याला किंवा बसला लावतात त्या शब्दाचं. माझ्या आईला त्यांनी आंतरराज्याची विधवा करून टाकलं होतं, आणि तेही एकदा नाही, सात पानांत नऊ वेळा.

फोन केला तर समोरची मुलगी म्हणाली, शब्द तपासलेला आहे, बदल हवा असेल तर तातडीचे जादा पैसे पडतील. मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं तंत्रज्ञ आहे. नळीवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळलं नाही तर नमुना आम्ही तपासायलाही घेत नाही, परत पाठवतो. इथे कागदावर नावच भलतं होतं आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी पैसे सोडून दिले.

आमच्या लॅबमधल्या एका सहकाऱ्याने बोरा बाजाराचं सांगितलं. त्याच्या सासऱ्यांची शेतजमिनीची कागदपत्रं तिथे झाली होती. सीएसएमटीला उतरून भुयारी मार्गाने बाहेर पडलात की फोर्टाच्या आतल्या गल्ल्या सुरू होतात. स्टेशनरी, छापखाने, रबरी शिक्के करणारे, वह्यांचे गठ्ठे घेऊन धावणारे हातगाडीवाले. त्यातल्याच एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना चढून, दाराला एक पत्र्याची पाटी आहे : 'इंग्रजी-मराठी भाषांतर व टंकलेखन'. नाव नाही. लिफ्ट नाही. आत एक खोली, दोन टेबलं, एका टेबलावर संगणक आणि दुसऱ्यावर सत्तरीचे काका. त्यांचं नाव मी इथे देत नाही, त्यांनी तशी विनंती केली आहे. जिना चढून विचारलंत तर भेटतीलच.

टेबलावर मोल्सवर्थचा जाडजूड मराठी-इंग्रजी कोश होता, १८५७ च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण, पुठ्ठा सुटलेला, दोऱ्याने बांधलेला. शेजारी भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश. काकांनी माझा मसुदा घेतला आणि मी बोलायला लागले तर हात वर करून थांबवलं. आधी सगळी सात पानं वाचली. वीस मिनिटं तरी गेली असतील. मग पेन्सिल घेऊन 'इंटेस्टेट' हा शब्द जिथे आला तिथे गोल केला. अकरा गोल झाले. दोनांवर फुली मारली.

"हे दोन सोपे," ते म्हणाले. "'डाइड इंटेस्टेट'. इथे हे विशेषण आहे, माणूस कोणत्या स्थितीत वारला ते सांगतं. 'मृत्युपत्र न करता वारले' लिहिलं की झालं. अडचण बाकीच्या नऊंची. 'द इंटेस्टेट'. मागे नाम नाहीच, ताई. विशेषणच माणसाच्या जागी बसलंय. पुढे बघा, 'द इंटेस्टेट्स विडो'. त्याला षष्ठीसुद्धा लावली."

हे वकिलांच्या मनातून आलेलं नाही, कायद्यातच असं आहे, हेही त्यांनी दाखवलं. १९५६ च्या कायद्याचं दहावं कलम काढलं. वाटणीचा पहिला नियमच 'द इंटेस्टेट्स विडो' या शब्दांनी सुरू होतो.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं, कारण शाळेत व्याकरण शिकताना मला हे कधी कुणी असं दाखवलं नव्हतं. मराठीत विशेषण नाम झालं की ते लपून राहत नाही, लगेच प्रत्यय घेतं. 'शहाण्याला मार शब्दाचा' यात शहाणा हे विशेषण राहिलंच नाही, तो माणूस झाला. आणि त्यांनी कागदावर दोन शब्द लिहिले, 'गरीब माणसाला' आणि 'गरिबाला'. पहिल्यात री दीर्घ, दुसऱ्यात रि ऱ्हस्व. गरीब विशेषण असेपर्यंत प्रत्यय माणसाला लागतो, गरीब जसाच्या तसा राहतो. तो स्वतः नाम झाला की प्रत्यय त्याच्या अंगावर येतो आणि वेलांटीसुद्धा बदलते. आपल्या शुद्धलेखनात हा फरक डोळ्यांना दिसतो. मी हा शब्द आयुष्यभर लिहीत आलेय आणि वेलांटी का बदलते हे त्या दिवशी समजलं.

इंग्रजीत तसं दिसत नाही. 'द पुअर' म्हटलं की ते अनेक गरीब, एक नव्हे. पण 'द डिसीज्ड' (मयत) किंवा 'द अक्यूज्ड' (आरोपी) म्हटलं तर एक असेल किंवा दहा असतील, शब्द तोच. याचा फटका आमच्याच मसुद्यात बसला होता. पाचव्या परिच्छेदात आजोबांचाही उल्लेख आहे, ते लालबागला गिरणीत होते आणि बाबांच्या आधी बारा वर्षं गेले. त्या परिच्छेदात पुढे 'द डिसीज्ड' यांचे दागिने आणि ठेवी असं वाक्य होतं. कोणाचे? बाबांचे, आजोबांचे की दोघांचे? काकांनी विचारलं तेव्हा मलाही सांगता येईना. मराठीत 'मयतांचे' लिहून सुटका नाही, कारण 'मयतांचे' आदरार्थीही होतं आणि अनेकवचनीही. त्यांनी माझ्यासमोर वकिलांना फोन लावला, परिच्छेद वाचून दाखवला. वकिलांनी त्यांच्या इंग्रजी मसुद्यातच दुरुस्ती करून नाव घातलं. भाषांतराला दिलेल्या कागदामुळे मूळ कागद सुधारला. मला या सेवेबद्दल एकच गोष्ट सांगायची असती तर मी हीच सांगितली असती.

'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' हे आपल्या जुन्या दस्तांतले शब्दही त्यांनी तसेच ठेवले. इंग्रजीत 'रिलीझर' आणि 'रिलीझी' होतं, आधीच्या सेवेने त्याचं 'मुक्तकर्ता' आणि 'मुक्तप्राप्त' केलं होतं. आजीला 'लिहून देणार' लगेच समजलं. तिच्या वडिलांच्या जमिनीच्या कागदावर तेच होतं.

आता दर. पानाला ३५० रुपये, सात पानांचे २,४५०. भाषांतर मूळ मजकुराबरहुकूम आहे असं सही-शिक्क्याचं पत्र हवं असेल तर २०० वेगळे. मुदत तीन दिवसांची सांगितली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी काम तयार होतं. उणिवाही आहेत. दुपारी एक ते दोन दार बंद असतं आणि त्या तासात जिन्यात उभं राहावं लागतं. फोन पहिल्या खेपेला क्वचितच उचलतात. सगळ्यात मोठी अडचण फॉन्टची. ते अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात, त्यामुळे त्यांनी मेल केलेली फाईल माझ्या फोनवर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. पीडीएफ मागून घ्या, आणि पुढे काही बदलायचं असेल तर युनिकोडमध्ये द्या असं सुरुवातीलाच सांगा. सांगितलं तर करतात. न्यायालयात दाखल करायचं भाषांतर असेल तर त्यांचं पत्र चालेल का हे वकिलांना आधी विचारा. आमचं भाषांतर फक्त आजीला वाचण्यासाठी होतं, नोंदणी इंग्रजी दस्ताचीच झाली.

पहिला खर्डा घरी आणला आणि तो आजीला पटला नाही.

त्यात सुरुवातीला बाबांचं पूर्ण नाव होतं, 'मृत्युपत्र न करता मयत झालेले' असं, आणि कंसात 'यापुढे मयत'. त्यानंतर नऊही जागी 'मयत'. मयताची पत्नी, मयताचा मुलगा, मयताची मुलगी. कागदोपत्री हा शब्द सर्रास चालतो, सातबाऱ्यापासून पोलिसांच्या पंचनाम्यापर्यंत. त्यात चूक काही नाही. पण आजी वाचत वाचत 'मयताची आई' इथे आली आणि तिने बोट उचललं. "मयत म्हणजे मयतीला जायचं ते. मी त्याची आई, मयताची नाही." ती रागावली नव्हती. शब्द चुकलाय, तो दुरुस्त करून आण, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मी खुर्चीत बसून राहिले. आमच्या लॅबमध्ये आम्ही रोज हेच करतो. 'सकाळपासून तीन पॉझिटिव्ह.' 'तो कालचा निगेटिव्ह पुन्हा बघ.' माणसाच्या अंगाला चिकटलेली एक गोष्ट उचलायची आणि तिलाच माणूस म्हणायचं. कामाच्या घाईत त्याची गरज असते, नाव घेत बसलं तर दिवस पुरणार नाही. पण ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्या आईसमोर तो शब्द ठेवला की कसा लागतो, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

तिची दुसरी हरकत मोठी होती. "न करता कसं? त्याने लिहिलं होतं."

खरं होतं. बाबांच्या डायरीत एक पान आहे, २०१९ सालचं, निळ्या शाईत. फ्लॅट आईच्या नावावर व्हावा आणि आजीला या घरातून कधी हलवू नये, असं त्यांनी लिहिलंय, खाली सही आणि तारीख. वकिलांना आम्ही ते पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. डायरीच्या पानावर एकही नव्हती. म्हणून कायद्याच्या नजरेत बाबा 'इंटेस्टेट'.

मी पुन्हा बोरा बाजारात गेले. फोनमध्ये त्या पानाचा फोटो होता. काकांनी चष्मा पुसून तो वाचला. मग म्हणाले की या शब्दाच्या पोटातच साक्षीदार आहे. लॅटिनमध्ये 'टेस्टिस' म्हणजे साक्षीदार, 'टेस्टारी' म्हणजे साक्ष ठेवणं, मृत्युपत्र करणं. 'इन' म्हणजे नाही. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला अजून आठवत राहते. मृत्युपत्र करणाऱ्याला इंग्रजीत नाम आहे, 'टेस्टेटर', म्हणजे करणारा. ज्याने केलं नाही त्याला तसं नाम मिळालं नाही. त्याच्या वाट्याला विशेषण आलं आणि तेच ओढून नामाच्या जागी बसवलं. वडिलांनी काही केलंच नाही असं त्या शब्दातून ऐकू येतं, पण मुळात तो शब्द एवढंच सांगतो की साक्ष राहिली नाही. "तुमच्या आजींचं बरोबर आहे," ते म्हणाले. "'न करता' हे मी आळसाने लिहिलं. सगळे लिहितात म्हणून."

दुसऱ्या खर्ड्यात पहिल्या परिच्छेदात बाबांच्या नावाआधी आलं : 'दोन साक्षीदारांच्या सह्यांचे कायदेशीर मृत्युपत्र मागे न ठेवता वारलेले'. लांबलचक आहे. पण ते एकदाच येतं. त्याच्या पुढे कंसात 'यापुढे कैलासवासी', आणि मग पुढे कैलासवासी. हेही विशेषणच, नाम झालेलं, हे काकांनी हसत दाखवलं. फरक एवढाच की आपल्या घराघरांत हे विशेषण आपण पिढ्यान्पिढ्या माणसाला लावत आलो आहोत, लग्नपत्रिकेवरसुद्धा नावाआधी 'कै.' लिहितो. 'कैलासवासींची पत्नी', 'कैलासवासींची मुलगी'. 'विधवा' हा शब्द त्यांनी फक्त एका ठिकाणी ठेवला, जिथे कायद्याच्या कलमाचाच मजकूर होता. तिथे बदलता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. बाकी सगळीकडे पत्नी. आईने काही म्हटलं नाही, पण ते पान तिने दोनदा वाचलं.

एका बाबतीत मी त्यांच्याशी वाद घातला. आजी बाबांना 'तो' म्हणते, 'कैलासवासींच्या' हा आदरार्थी तिला परका वाटेल, असं मला वाटत होतं. काका ऐकेनात. "कागद आजींनी लिहिलेला नाही, आजी त्यावर सही करणार आहेत. दस्तात तुमचे वडील 'ते'च." इंग्रजीला हा प्रश्नच पडत नाही, 'हिज' म्हटलं की संपलं. आपल्याला ठरवावं लागतं. मला अजूनही वाटतं की 'मुलगा' हा शब्द कुठेतरी यायला हवा होता. पुढे घरी वाचताना लक्षात आलं की त्यांनी तो घातला होता, आजीच्या कलमात : 'लिहून देणार क्रमांक १ यांचा मुलगा'. वकिलांच्या इंग्रजीत तिथे पुन्हा 'द इंटेस्टेट'च होतं. नऊपैकी त्या एका जागी त्यांनी कैलासवासी काढून मुलगा लिहिलं आणि समासात पेन्सिलने 'अर्थ तोच, वकिलांना विचारले' अशी नोंद केली.

दुसऱ्या खर्ड्याचे पैसे घेतले नाहीत. मी द्यायला लागले तर म्हणाले, दुरुस्ती माझ्या चुकीची आहे.

रविवारी सकाळी आजी खिडकीजवळच्या पलंगावर बसली. सात पानं वाचायला तिला दीड तास लागला. मी आणि भाऊ स्वयंपाकघरात होतो, तिचा पुटपुटण्याचा आवाज येत होता, मध्येच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. 'मुलगा' आला तिथे बराच वेळ थांबला असावा, कारण मी आत डोकावले तेव्हा ती त्या ओळीवरून बोट मागे नेऊन पुन्हा पुढे आणत होती.

शेवटच्या पानावर तिने मला हाक मारली. आमच्या गावाच्या नावात एक अनुस्वार राहून गेला होता. मी म्हटलं, आजी, सही इंग्रजी कागदावर करायची आहे, हा फक्त तुला वाचायला. तरी तिने पेन्सिल मागितली आणि त्या अक्षरावर टिंब दिलं. सोमवारी मी काकांना फोन केला, तिसऱ्या खेपेला उचलला. बुधवारी दुरुस्त केलेलं शेवटचं पान कुरिअरने घरी आलं, सोबत एक चिठ्ठी, 'आजींना नमस्कार'.